छतातला दिवा : एक घरगुती प्रॅक्टिकल

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'मी मराठी विभागात लिहिते' म्हटल्यावर आमच्या ग्रुपमध्ये थोडी हसाहशी झाली. 'ओहमचा नियम मराठीत कसा लिहिणार गं?' वगैरे. पण विषय घरातला आहे, आणि आमच्या घरातले वाद मराठीतच होतात! तेव्हा वाचकहो, शब्द चुकले तर सांभाळून घ्या. आकडे चुकले तर मात्र जरूर सांगा.

विषय असा की, नवीन घरात छताच्या आत बसवायचे दिवे आपले आपल्याला बसवता येतात का? दुकानात यांना कन्सिल्ड लाइट, डाउनलाइट, नाहीतर सरळ 'पीओपीचे लाइट' म्हणतात. आपल्या पनवेलमध्ये तर हा प्रश्न घरोघरचा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, मग नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर असे एकेक नोड वसत गेले. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. करंजाडे, उलवे बाजूला इमारती उभ्या राहतच आहेत. बिल्डर ताबा देतो तेव्हा हॉलमध्ये मधोमध पंख्याचा हूक, भिंतीवर ट्यूबलाइटचा पॉइंट आणि वर नुसता स्लॅब असतो. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. अशा वेळी घरात कोणी इंजिनिअरिंगला असेल, त्यातून इलेक्ट्रिकलला असेल, तर संपलंच! 'एवढी फी भरतोय, निदान लाइटचं तरी तू बघ', हे वाक्य करंजाड्याच्या आमच्या नव्या फ्लॅटच्या निमित्ताने मी किमान दहा वेळा ऐकलं. म्हणून खरोखरच बघायचं ठरवलं. त्यातून जे शिकले ते क्रमाने मांडते.

खालून दिसतं ते आणि वर असतं ते

छतातला दिवा खालून पाहिला तर एक पांढरी चकती, बस्स. पण त्याच्या वर एक छोटंसं जग असतं. स्लॅबच्या खाली चार ते सहा इंचांची पोकळी सोडून जीआय पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा टांगतात. ज्या पट्ट्यांना बोर्ड स्क्रूने लावतात त्या साधारण दीड-दीड फुटावर, म्हणजे ४५७ मिलिमीटरवर असतात आणि त्यांना आधार देणारे चॅनल चार-चार फुटांवर. त्याखाली १२.५ मिलिमीटर जाडीचा जिप्सम बोर्ड. जुन्या पद्धतीत बोर्डाऐवजी जाळी बांधून तिच्यावर पीओपी थापतात.

दोन्हींत रसायन एकच, कॅल्शियम सल्फेट. जिप्सम भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि पीओपी तयार होतं. पीओपीत पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. जिप्समच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग हे स्फटिकात बांधलेलं पाणी असतं. खोलीत आग लागली तर हे पाणी वाफ होऊन जाईपर्यंत बोर्ड आगीला थोडा वेळ थोपवून धरतो. फंडा छान आहे, पण त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. आग पोकळीतच सुरू झाली तर हाच बोर्ड ती आपल्या नजरेआड ठेवतो.

पूर्वी या जागी हॅलोजनचे दिवे असत. १२ व्होल्टचा, ५० वॅटचा छोटा दिवा आणि त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर. ते इतके तापत की हात लावायची सोय नसे. मग निळा एलईडी आला, त्यातून पांढरा उजेड शक्य झाला आणि त्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता तेच काम ९ वॅटमध्ये होतं. पण 'एलईडी थंड असतो' हा समज अर्धाच खरा आहे. त्याच्या उजेडात उष्णता फारशी नसते, पण दिव्याच्या पाठीला आणि सोबतच्या ड्रायव्हरला ती असतेच. ड्रायव्हर म्हणजे २३० व्होल्टच्या एसी पुरवठ्यातून एलईडीला हवा तेवढाच डीसी करंट देणारी डबी. तिला वर मोकळी हवा हवी. चिंध्या, थर्माकोल, सिमेंटच्या गोणीचे तुकडे यांच्यात ती कोंबली तर लवकर मरते.

आधी कागद, मग करवत

आमच्या हॉलसाठी सीलिंगवाल्याने सांगितलं, 'चौदा लाइट लागतील.' का चौदा? तर शेजारच्या फ्लॅटमध्ये चौदा लावले होते! इथे तिसऱ्या वर्षाचा अभ्यास पहिल्यांदा उपयोगी पडला.

सूत्र सोपं आहे :

दिव्यांची संख्या = (हवे ते लक्स × खोलीचं क्षेत्रफळ) ÷ (एका दिव्याचे लुमेन × वापर गुणांक × देखभाल गुणांक)

आमचा हॉल १६ फूट बाय १० फूट, म्हणजे १६० चौरस फूट किंवा १४.९ चौरस मीटर. बसण्या-उठण्यासाठी मी १५० लक्स धरले. ९ वॅटचा दिवा, वॅटला ९० लुमेन धरले तर ८१० लुमेन देतो. सगळाच उजेड जमिनीपर्यंत पोचत नाही, काही भिंती खातात. म्हणून वापर गुणांक ०.६. दिवे जुने होतात, त्यांच्यावर धूळ बसते. म्हणून देखभाल गुणांक ०.८. आता आकडे घाला : १५० × १४.९ ÷ (८१० × ०.६ × ०.८) = ५.७५. म्हणजे सहा दिवे पुरे! एकूण ५४ वॅट. रोज पाच तास लावले तरी महिन्याला साधारण ८ युनिट.

आईला भाजी निवडायला आणि आजीला पोथी वाचायला जास्त उजेड लागतो, हे खरं. पण त्यासाठी सबंध खोली उजळायची गरज नाही. त्या कोपऱ्यात भिंतीवर एक वेगळा दिवा दिला की झालं. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. डोक्यावरून थेट डोळ्यांत येणारा प्रखर उजेड तिला सोसत नाही. म्हणून तिच्या नेहमीच्या खुर्चीच्या आणि दिवाणाच्या उशाच्या बरोबर वर दिवा नको, हा नियम आम्ही सूत्राच्याही आधी लावला.

पंख्याचं गणित

ही गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, कागदावर रेघा मारताना लक्षात आली. दिव्यांमधलं अंतर काढताना सामान्य नियम असा की, दोन दिव्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं अंतर भिंतीपासून ठेवायचं. दहा फुटांच्या बाजूला दोन दिवे म्हणजे भिंतीपासून अडीच फूट आणि मध्ये पाच फूट. पण आपल्याकडे मधोमध पंखा असतो! ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फुटांपर्यंत पोचतं. त्या हिशोबाने मधला दिवा पात्याच्या टोकापासून जेमतेम सहा इंचांवर येत होता. पंखा छतापासून खाली लोंबतो आणि दिव्याचा उजेड खाली जाताना पसरतो. म्हणजे पाती तो उजेड कापणार आणि खोलीभर सावल्या फडफडणार. पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं.

उपाय : दोन्ही रांगा अर्धा-अर्धा फूट भिंतीकडे सरकवल्या. आता भिंतीपासून दोन फूट, मध्ये सहा फूट. वर फायदा असा की भिंतीवर जास्त उजेड पडतो आणि खोली मोठी वाटते. आणि एक सांगायलाच हवं : पंखा कायम स्लॅबच्या हुकालाच टांगायचा. जीआयचा सांगाडा बोर्ड पेलण्यासाठी असतो, फिरणारा पंखा पेलण्यासाठी नाही.

स्लॅबला हात लावण्याआधी

नव्या इमारतीत स्लॅब ओतण्याआधीच त्यात वायरचे पाइप टाकलेले असतात. पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डाच्या दिशेने ते बहुतेक जवळच्या वाटेने जातात. सांगाड्यासाठी स्लॅबला भोकं पाडताना त्या वाटेवर ड्रिल चालवू नये. उंच टॉवरमध्ये काही ठिकाणी पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात, त्यांच्या आत ताणलेल्या पोलादी तारा असतात. तिथे साइट इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक पाडणं म्हणजे इमारतीशीच खेळ.

दुसरं म्हणजे आपला पाऊस. पनवेलचा जून ते सप्टेंबर काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी शक्यतो एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मगच छत झाकावं. मधल्या मजल्यावरच्यांनी वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखालचा भाग नीट पाहून घ्यावा. ओल आणि वीज एकाच पोकळीत राहायला आली की नंतर कोणी कोणाला बाहेर काढू शकत नाही.

टेपची गाठ

आता मुख्य मुद्दा. अक्षय्य तृतीयेला आमचा गृहप्रवेश ठरला होता. चार दिवस आधी सांगाडा बांधून झाला, बोर्ड दुसऱ्या दिवशी लागायचे होते. संध्याकाळी मी घोड्यावर चढून बॅटरी घेऊन पोकळीत पाहिलं. ट्यूबलाइटच्या पॉइंटमधून वायर ओढून सहाही दिव्यांपर्यंत नेली होती. प्रत्येक ठिकाणी तांबं तांब्याला पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. वायरला पाइप नाही, ती सरळ पत्र्याच्या पट्ट्यांवर टेकवलेली. आणि त्याच लूपमधून पुढे, आई जिथे इस्त्री करणार त्या कोपऱ्यात, एक नवा प्लग काढलेला.

सीलिंगवाल्या दादांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, सगळीकडे असंच करतो. बोर्ड लागल्यावर कोण बघतंय?"

कोणी बघत नाही, हीच तर अडचण आहे! बाबांचं म्हणणं होतं की एमसीबी आहे, आरसीसीबी आहे, काही झालं तर ट्रिप होईलच की. पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली, भटजी ठरलेले. त्यांची घाई मला समजत होती. बाबा बँकेत आहेत. त्यांना तोंडी समजावण्यापेक्षा आकडे दाखवलेले पटतात. म्हणून आमंत्रणपत्रिकेच्याच मागे गणित केलं.

इस्त्री १००० वॅटची. २३० व्होल्टवर करंट झाला ४.३५ अँपिअर. हा सगळा करंट त्या पिळलेल्या गाठींतून जाणार. एखादी गाठ सैल आहे आणि तिचा रोध फक्त अर्धा ओहम आहे, असं धरून चाला. उष्णता = करंटचा वर्ग × रोध = ४.३५ × ४.३५ × ०.५, म्हणजे जवळजवळ ९.५ वॅट. एका अख्ख्या एलईडी दिव्याएवढी वीज शेंगदाण्याएवढ्या गाठीत, तीही प्लास्टिकच्या टेपमध्ये गुंडाळलेली! साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेलं असतं. गाठ तापली की तांब्यावर काळा थर येतो, रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

मग एमसीबी काय करेल? ती ६ अँपिअरची आहे. तिला दिसतात ४.३५ अँपिअर. तिच्या दृष्टीने सगळं ठीक! आरसीसीबी काय करेल? फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांच्यात ३० मिलीअँपिअरचा फरक पडला तर ती पडते. इथे जेवढा करंट गेला तेवढाच परत आला, गळती काहीच नाही. तीही गप्प! म्हणजे डीबीतलं एकही उपकरण त्या गाठीकडे पाहत नाही. एमसीबी जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट ओळखते, आरसीसीबी गळती ओळखते. सैल जोड ओळखायचं काम त्या दोघींचं नाहीच. ते फक्त जोड करणाऱ्या हाताचं आणि तो नंतर तपासणाऱ्या डोळ्यांचं आहे. व्हायवाला मी एमसीबीची व्याख्या धडाधड म्हणून दाखवली होती. पण ती काय करत नाही, हे मला त्या रात्री समजलं.

तिथे दिव्यांपुरतं पाहिलं तर धोका तेवढा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगते. सहा दिव्यांचा करंट पाव अँपिअरच्या आसपास. तेवढ्याने गाठ फारशी तापत नाही, फार तर दिवा लुकलुकतो. खरी जोखीम आली ती दिव्याच्या लूपवर प्लग काढल्यामुळे. आज दिव्यांपुरती केलेली गाठ उद्या इस्त्री, परवा हीटर ओढते, आणि ती बोर्डाच्या वर असते.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग फोन केला आणि बोर्डाचं काम थांबवलं. घरात थोडं तापलं, खोटं कशाला सांगू? मामा म्हणाले, 'पोरीच्या हट्टापायी उघड्या सांगाड्याखाली वास्तुशांत करणार?' त्यावर आजी एवढंच बोलली, "देव्हाऱ्यात समई आहे ना? मग झालं." पूजा उघड्या सांगाड्याखालीच झाली.

कायदा काय म्हणतो?

'स्वतः करा' म्हणताना ही रेषा माहीत हवी. पूर्वी १९५६चे भारतीय वीज नियम होते. नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले आणि त्यांची जागा २०२३च्या विनियमांनी घेतली. त्यांतलं मूळ सूत्र असं : घरातला दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू काढून तशीच दुसरी लावणं, ज्याने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ते आपण करू शकतो. पण नवीन वायरिंग, वाढीव पॉइंट, फेरफार हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच, योग्य प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं.

म्हणजे आराखडा काढणं, खुणा करणं, बोर्डाला भोक पाडणं, तयार पॉइंटवर दिवा चढवणं हे आपलं. पोकळीतून वायर नेणं हे परवानावाल्याचं. आमच्याकडे जे वायरमनकाका आले ते आयटीआयमधून तारतंत्रीचा ट्रेड केलेले, परवानाधारक ठेकेदाराकडे काम करणारे. त्यांनी सगळ्या गाठी कापून काढल्या. मी म्हटलं, "काका, टेप नीट गुंडाळली असती तर चाललं असतं का?" ते म्हणाले, "ताई, टेप शॉक थांबवते, जोड नाही घट्ट करत."

त्यांनी केलेलं काम असं. दिव्यांसाठी डीबीपासून स्वतंत्र सर्किट, ६ अँपिअरच्या एमसीबीवर. आपल्याकडे चालत आलेली मर्यादा एका लाइटिंग सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट अशी आहे. आमचे सहा दिवे तिच्यात आरामात बसतात. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर, सोबत हिरवी अर्थिंगची वायर, सगळं पाइपातून. पाइप स्लॅबला क्लिपने बांधलेला, कारण बोर्डावर किंवा पट्टीवर पडलेल्या वायरमध्ये बोर्डाचा स्क्रू घुसू शकतो आणि मग अख्खा सांगाडा 'जिवंत' होतो. इस्त्रीच्या प्लगला वेगळी लाइन. आणि सर्वात महत्त्वाचं : पाइपाच्या मध्ये कुठेही जोड नाही. जोड फक्त दिव्याच्या जागी, स्क्रूच्या कनेक्टरमध्ये, झाकणाच्या डबीत. आमच्या दिव्याचं भोक चार इंचांचं. त्यातून हात घातला की डबी हाताला लागते. एकच नियम पाठ करा : ज्या जोडापर्यंत भोकातून हात पोचत नाही, तो जोड छतात नको.

शेवटी दिवे जोडण्याआधी काकांनी ५०० व्होल्टचा मेगर लावून वायरींचा इन्सुलेशन रोध पाहिला. तो किमान १ मेगाओहम हवा. नव्या वायरिंगमध्ये तो त्याहून कितीतरी जास्त येतो. मेगर लावताना ड्रायव्हर जोडलेले नसावेत, नाहीतर तेच जायचे. मग बोर्ड लागले.

दिवा बसवण्याची रीत

इथून पुढचं काम मी केलं. काका खाली उभे होते आणि शिडी भावाने धरली होती.

१. डीबीतून एमसीबी बंद करा. नुसता स्विच बंद करून चालत नाही. कोणी चुकून स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये टाकला असेल तर बटण बंद असतानाही दिव्यापर्यंत फेज आलेलीच असते. एमसीबीवर टेप लावून 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी चिकटवा आणि घरातल्यांना तोंडीही सांगा.

२. वीज खरंच गेली का ते तपासा. टेस्टरचा निऑन दिवा दिवसाउजेडी नीट दिसत नाही. तो लागला नाही म्हणजे वायर मेली असं नाही. मल्टिमीटर घ्या. आधी चालू प्लगवर लावून तो ठीक आहे ना ते पाहा, मग आपली वायर तपासा, मग पुन्हा चालू प्लगवर. तिन्ही वेळा बरोबर आलं तरच हात लावा. वायरच्या रंगावर विसंबू नका. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल हा संकेत आहे, पुरावा नाही.

३. खुणा जमिनीवर करा. छताकडे मान वर करून मोजत बसण्यापेक्षा फरशीवर दोरा ताणून दिव्यांच्या जागा ठरवा. मग छतावरून ओळंबा सोडून त्याचं टोक फरशीच्या खुणेवर आणा, आणि वर पेन्सिलने फुली मारा. गवंड्याची ही युक्ती अगदी अचूक आहे.

४. वर पट्टी नाही ना ते पाहा. साधं लोहचुंबक छतावरून फिरवा. जीआयच्या पट्टीखाली ते चिकटतं. पट्टी आली तर दिव्याची अख्खी रांग इंच-दोन इंच सरकवा, पट्टी कापू नका.

५. पाकिटावर लिहिलेल्या कट-आउटच्या मापाचा होल कटर वापरा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. आधी मधोमध छोटं भोक पाडून वर काही नाही ना ते पाहा. पुठ्ठ्याचं खोकं खाली धरलं तर पांढरा भुगा आजीच्या दिवाणावर पडत नाही.

६. ड्रायव्हरवर बीआयएसची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहा. मग इनपुट कोणतं, आउटपुट कोणतं ते वाचा. ड्रायव्हरच्या डीसी बाजूला लाल आणि काळी वायर असू शकते, आणि घराच्या २३० व्होल्टच्या वायरीही लाल-काळ्या! रंगाला रंग जोडत गेलात तर गडबड ठरलेली. धातूच्या दिव्याला अर्थिंगची जागा असेल तर हिरवी वायर जोडाच. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा दिवा. त्याला अर्थिंग लागत नाही.

७. कनेक्टरच्या बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. सुटली तर आत्ता सुटू दे, नंतर नको.

८. आधी दिवा ड्रायव्हरला जोडा, मग डबीचं झाकण लावा, मग दोन्ही स्प्रिंग वर दाबून दिवा भोकात सरकवा. बोटं सांभाळा, त्या स्प्रिंग उंदराच्या सापळ्यासारख्या बसतात!

९. एमसीबी चालू करा. दोन तास सगळे दिवे चालू ठेवा, मग पुन्हा बंद करून एखादा दिवा खाली ओढून वास, रंग, जोड पाहा.

नेहमीच्या दोन शंका

'बंद केला तरी दिवा मंद जळतो, भूत आहे का?' भूत नाही. लांबवर शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन वायरी कपॅसिटरसारख्या वागतात, किंवा स्विचमध्ये छोटा इंडिकेटर असतो. त्यातून आलेला किंचितसा करंटही एलईडीला पुरतो. पण स्विच न्यूट्रलमध्ये टाकल्यामुळेही असं होतं, म्हणून ते आधी तपासून घ्या.

'एकाच खोलीत दोन प्रकारचा पांढरा का दिसतो?' पाकिटावरचे केल्व्हिन पाहा. ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० ट्यूबलाइटसारखा. सगळे दिवे एकाच केल्व्हिनचे, एकाच वेळी घ्या, आणि एक जास्तीचा घेऊन ठेवा.

आता हिशोब. मी वाचवलं काय? चौदाऐवजी सहा दिवे आणि ते बसवण्याची मजुरी. घालवलं काय? दोन दिवस, थोडे जास्त पैसे आणि मामांची मर्जी, जी गणपतीपर्यंत परत येईल असं आई म्हणते. यातला सगळ्यात सोपा भाग दिवा बसवण्याचा होता. सगळ्यात अवघड, बोर्ड लागण्याआधी 'थांबा' म्हणण्याचा. मित्रांनो, आपण उद्या पूल, पंप, प्रोग्राम काहीही करू. प्रत्येकात असा एक दिवस येतो, ज्यानंतर आतलं काही दिसणार नसतं. आपली खरी परीक्षा त्याच्या आदल्या संध्याकाळी असते.

तुमच्या घरी असं काम निघालं तर एक छोटी गोष्ट नक्की करा. बोर्ड लागण्याआधी छताचे फोटो काढा आणि कोणता पाइप कुठून गेला, कोणती एमसीबी कशाची, याचा साधा नकाशा काढून डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आमच्याकडे तो लावलाय. दहा वर्षांनी कोणीतरी शिडीवर चढेल, कदाचित भाऊ, कदाचित अनोळखी वायरमन. त्याला वर काय आहे ते आधीच माहीत असेल.